दही, घेवडा आणि प्रोबायोटिकची पट्टी: पोटातल्या जीवाणूंची निगा कशी राखायची

तीन वर्षांमागं कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी सलग तीन दिवस दही लागलं नाही. पहिल्या दिवशी सासूबाईंनी (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) विरजणाला दोष दिला. दुसऱ्या दिवशी शेजारून विरजण आणलं. तिसऱ्या दिवशी गाडगंच बदललं. तरी सकाळी झाकण काढलं की दूध रात्री होतं तसंच. शेवटी फोनवर बोलताना कळलं, की गाईला दगडी (कासेची सूज) झाली होती आणि कासेत अँटिबायोटिक सोडलं होतं. किती दिवस दूध वापरायचं नाही ते जनावरांच्या डॉक्टरांनी दिरांना नीट सांगितलं होतं. दिरांनी ते घरात कुणाला सांगितलंच नव्हतं.

दह्याच्या विरजणात बहुधा असणारा स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हा जीवाणू पेनिसिलिनच्या जातीच्या औषधांना फार हळवा असतो. दुधात औषधाचा अंश उरला असेल तर तो वाढत नाही, आणि दूध उकळलं म्हणून तो सगळा अंश निघून जात नाही. आत्यांचं विरजण उत्तम होतं, गाडगंही स्वच्छ होतं. त्यात टाकलेले जीवाणू रातोरात मरत होते, एवढंच.

मी सातारा शहरात औषधाचं दुकान चालवते. गाडग्यात जे झालं, तेच काउंटरपलीकडं उभ्या असलेल्या माणसांच्या पोटात रोज होत असतं. "ताई, अँटिबायोटिकसोबत ती पोटाची गोळीपण टाका," असं दिवसातून चार-पाच जण तरी म्हणतात. दुसरे काही जण मोबाईलवर प्रोबायोटिकची, म्हणजे जिवंत जीवाणूंच्या गोळ्यांची, जाहिरात दाखवून "हे रोज घेऊ का?" असं विचारतात. गर्दीत उभ्या-उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते. पट्टी विकणं हा माझा धंदा आहे, हे लक्षात ठेवूनच वाचा.

पोटात राहतं कोण

माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जीवाणू असतात, असा अंदाज २०१६ साली शास्त्रज्ञांनी नव्यानं मोजून मांडला. आपल्या स्वतःच्या पेशीही जवळजवळ तेवढ्याच. सगळ्या जीवाणूंचं वजन मात्र २०० ग्रॅमच्या आसपास. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. जठरातल्या आम्लात फारसे तगत नाहीत आणि लहान आतड्यातही त्यांची वस्ती विरळच असते.

मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं काय? आपल्याला न पचलेला चोथा. ज्वारीचा कोंडा, घेवड्याचं साल, मेथीच्या काड्या. जीवाणू हा चोथा आंबवतात आणि त्यातून लहान साखळीची मेदाम्लं तयार होतात. त्यांतलं ब्युटिरेट हे आतड्याच्या आतल्या अस्तराचं मुख्य इंधन आहे. म्हणजे चोथा हे त्यांचं जेवण, आणि त्यांनी त्यातून जे केलं ते आपल्या आतड्याचं जेवण.

दह्यातले किंवा गोळीतले जीवाणू सहसा इथं घर करत नाहीत. दरवर्षी ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करते आणि पुढं नातेपुत्याला जाते. मुक्कामाच्या रात्री गावाचं रूपच पालटतं, पण दिंडी गावात राहायला आलेली नसते. बाहेरून घेतलेल्या जीवाणूंचं तसंच आहे. जाता-जाता ते काम करतात, खाणं बंद केलं की काही दिवसांत शौचातून निघून जातात. कायमची राहणारी वस्ती तुमचीच. तिला उपाशी ठेवून पाहुण्यांवर खर्च करण्यात अर्थ नाही, आणि माझा पुढचा सगळा सल्ला याच एका गोष्टीवरून निघतो.

दह्याचं कौतुक फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. बल्गेरियाच्या स्तामेन ग्रिगोरोव्ह यांनी १९०५ मध्ये तिथल्या दह्यातला जीवाणू ओळखला. पुढं १९०८ चं नोबेल मिळवणारे एली मेचनिकॉफ आंबवलेल्या दुधानं आयुष्य वाढतं असं सांगू लागले. ते स्वतः ७१ व्या वर्षी गेले, हे सांगितलं की दुकानातले आबा लोक गालात हसतात.

काही सुरू करण्याआधी

काही तक्रारी दह्यानं किंवा पट्टीनं निस्तरायच्या नसतात. शौचातून रक्त जाणं, काळी डांबरासारखी शौच, कारण नसताना वजन उतरणं, पोटदुखीनं किंवा जुलाबानं रात्री झोपेतून जाग येणं, रक्त कमी असल्याचा रिपोर्ट, पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत अचानक झालेला बदल, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असणं. यातलं एक जरी असेल तर आधी डॉक्टर. "गॅसच असेल" म्हणून माझ्या दुकानातून सहा महिने गोळ्या नेणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांतल्या काहींचा गॅस नव्हता.

हे काही नसेल तर एक साधी वही घ्या. आठवडाभर काहीही न बदलता तीनच गोष्टी लिहा: काय खाल्लं, शौच कशी झाली, पोट कधी फुगलं. शौच 'कशी' हे लिहायला लाज वाटत असेल तर आकडा लिहा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी तिचे सात प्रकार पाडलेत. १ म्हणजे बकरीच्या लेंड्यांसारखी कडक आणि सुटी, ४ म्हणजे मऊ सलग, ७ म्हणजे नुसतं पाणी. ३-४ च्या आसपास असाल तर पोट ठीक चाललंय. ही वही पुढं लागणार आहे, फेकू नका.

आधी घरच्यांचं जेवण

सातारा जिल्ह्यात राहून चोथ्यासाठी परदेशी बिया विकत घेणं म्हणजे विहिरीशेजारी राहून पाण्याची बाटली आणणं. पश्चिमेला जावळी, महाबळेश्वर, पाटणच्या डोंगरात नाचणी. पूर्वेला माण-खटावात बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा. मधोमध आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. आपल्या आजीच्या ताटात हे सगळं आपोआप यायचं. आपल्या ताटात पॉलिश केलेला भात, मैद्याची खारी आणि बटाटा आला.

आठवड्याला एकच गोष्ट बदला. हा नियम मोडला तर पोट फुगेल, तुम्ही घेवड्याला शिव्या द्याल आणि परत खारीवर जाल. अचानक जास्त चोथा आला की आतले जीवाणू जोरात कामाला लागतात, त्याचा वायू होतो. हळूहळू वाढवलं तर साधारण दोन-तीन आठवड्यांत सवय होते.

पहिल्या आठवड्यात दिवसातल्या एका जेवणाची चपाती काढून भाकरी आणा. पीठ चाळू नका, चाळणीत राहतो तोच कोंडा आपल्याला हवाय. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड उसळ किंवा हुलग्याचं माडगं. तिसऱ्यात रोज एक पालेभाजी, देठासकट. चौथ्यात एक आख्खं फळ, रस नाही. पाणी याबरोबर वाढवायलाच हवं, नाहीतर जास्तीचा चोथा पोटात बसून राहतो आणि बद्धकोष्ठ वाढतं. इसबगोल घेणाऱ्यांनी तर पूर्ण पेलाभर पाण्याशिवाय तो घेऊच नये.

घेवड्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण त्यावर लोक चुकतात. रात्री आठ-दहा तास भिजवा आणि ते पाणी ओतून द्या. गॅस करणाऱ्या साखरांचा बराच भाग त्या पाण्यात उतरलेला असतो. मग नव्या पाण्यात शिजवा. कच्च्या घेवड्यात एक विषारी प्रथिन असतं. ते निघून जाण्यासाठी किमान दहा मिनिटं खळखळून उकळावं लागतं. कुकरमध्ये शिट्ट्या केल्या की प्रश्न मिटतो. पण मंद चुलीवर तासन्‌तास कोमट शिजवलेला आणि दाणा कडक राहिलेला घेवडा खाऊन उलट्या होतात, आणि घरचे नाव घेतात कालवणातल्या मसाल्याचं.

शिळ्या भाकरीचीही बाजू घ्यायला हवी. पिठातला स्टार्च शिजून गार झाला की त्याचा काही भाग पुन्हा असा घट्ट होतो, की तो लहान आतड्यात पचत नाही आणि खालच्या जीवाणूंना मिळतो. सकाळी ताकात कुस्करलेली कालची भाकरी हा गरिबीचा नाश्ता म्हणून आपण टाकून दिला. भाताच्या बाबतीत मात्र जपा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाचा जीवाणू वाढतो, त्याचं विष गरम करूनही जात नाही. भात उरलाच तर लगेच गार करून फ्रीजमध्ये ठेवा.

जेवण बदललं की आतली वस्ती किती लवकर बदलते, याचा एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस आफ्रिकन-अमेरिकन लोकांना दोन आठवडे दक्षिण आफ्रिकेतल्या खेड्यातलं भरपूर चोथ्याचं जेवण दिलं, आणि तिथल्या वीस खेडूतांना अमेरिकी जेवण. दोनच आठवड्यांत दोघांच्याही आतड्यातले जीवाणू आणि त्यांची कामं बदलली. आफ्रिकेचं जेवण घेणाऱ्यांत ब्युटिरेट वाढलं, अमेरिकी जेवण घेणाऱ्यांत घटलं.

एक अपवाद. ज्यांचं पोट वर्षानुवर्षं दुखतं-फुगतं आणि डॉक्टरांनी आयबीएस (आतडं चटकन बिघडण्याचा जुनाट विकार) सांगितलंय, त्यांना कांदा, लसूण, घेवडा यांनीच त्रास वाढू शकतो. त्यांनी वरची यादी आंधळेपणानं चालवू नये. आहारतज्ज्ञांसोबत बसून काही पदार्थ थोडे दिवस बंद करावेत आणि मग एकेक परत आणावा.

दही: नीट लावलेलं

आता पाहुण्यांकडं. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ३६ निरोगी माणसांचे दोन गट केले. एकानं दहा आठवडे चोथा वाढवला, दुसऱ्यानं दही, केफिर (आंबवलेल्या दुधाचं पेय) असे आंबवलेले पदार्थ. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यात जीवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली सूज दाखवणारी १९ प्रथिनं कमी झाली. चोथ्याच्या गटात तेवढ्या दिवसांत विविधता वाढली नाही. गट लहान होते, म्हणून मी त्यावरून चोथा सोडा असं म्हणणार नाही. पण घरात दही असताना बाटली विकत घ्यायची घाई कशाला, एवढं त्यातून नक्की निघतं.

अर्धा लिटर दूध उकळा आणि उकळी आल्यावर मंद आचेवर आणखी दहा मिनिटं ठेवा. यात दुधातल्या प्रथिनांची घडी मोडते आणि दही घट्ट बसतं. अनेक जणी उकळी आली की लगेच उतरवतात आणि मग "दही पातळ लागतं" म्हणतात.

मग गार होऊ द्या, पण किती? करंगळी दुधात घालून दहा आकडे मोजता आले आणि ऊब सुखद वाटली, की वेळ झाली. चटका बसत असेल तर विरजण मरेल. हिवाळ्यात थोडं उबदार, उन्हाळ्यात जवळजवळ निवलेलं.

अर्ध्या लिटरला एक लहान चमचा विरजण पुरतं. जास्त घातलं की दही लवकर आंबट होतं. विरजण कालच्या ताज्या दह्याच्या मधल्या भागातलं घ्या, आठ दिवसांच्या आंबट दह्याच्या तळातलं नको. थोड्या दुधात कालवून घाला, एकदा ढवळा, झाका आणि नंतर हात लावू नका. दर अर्ध्या तासानं झाकण उचलून भांडं हलवून बघणारे लोक दह्याला लागूच देत नाहीत.

साताऱ्यात मे महिन्यात पाच-सहा तासांत काम होतं. डिसेंबर-जानेवारीत दहा-बारा तास धरा. महाबळेश्वरच्या थंडीत तर पातेलं तांदळाच्या डब्यात ठेवल्याशिवाय किंवा गोधडीत गुंडाळल्याशिवाय दही बसत नाही. लागलं की लगेच फ्रीजमध्ये, कारण जीवाणू आम्ल बनवत राहतात आणि शेवटी त्याच आम्लात स्वतः मरू लागतात. ताजं, दोन-तीन दिवसांतलं दही खा. मातीचं गाडगं जास्तीचं पाणी शोषतं म्हणून दही घट्ट होतं, जीवाणू त्यानं वाढतात असं काही नाही.

वर पाणी सुटलं तर ते टाकू नका, त्यात प्रथिनं आणि क्षार असतात, भाकरीच्या पिठात घाला. तार येत असेल तर विरजणात चिकट पदार्थ बनवणारे जीवाणू शिरलेत. ते बहुधा अपायकारक नसतात, तरी भांडी उकळून विरजण बदला. गुलाबी, हिरवा, काळा डाग दिसला की मात्र वरचा भाग काढून खालचं खाण्याचा मोह नको, सगळं टाकायचं.

दह्यातले जीवाणू जिवंत हवे असतील तर ते शिजवू नका. कढी चविष्ट असते, पण तिच्यात जिवंत असं काही उरत नाही. फोडणीही दह्यावर गरमागरम ओतू नका, निवू द्या. जेवणासोबत खाल्लं तर जठरातलं आम्ल थोडं सौम्य झालेलं असतं आणि जास्त जीवाणू खाली पोचतात. दूध पचत नाही अशा कितीतरी लोकांना दही पचतं, कारण दह्यातले जीवाणू दुधातली साखर आधीच थोडी मोडतात आणि पोटात गेल्यावरही मोडत राहतात.

बाजारातल्या पाकिटातलं दही जिवंत आहे का, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. त्याचा एक चमचा घेऊन दूध विरजून बघा. लागलं तर जिवंत आहे.

काटेकोर बोलायचं तर घरच्या दह्याला 'प्रोबायोटिक' म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये जी व्याख्या केली, तिच्यात जिवंत सूक्ष्मजीव पुरेशा प्रमाणात घेतल्यावर आरोग्याला फायदा व्हायला हवा. त्यासाठी कोणता जीवाणू, किती, हे ठाऊक असावं लागतं. आत्यांच्या गाडग्यात कोण आहे हे आत्यांनाही माहीत नाही. तरी ते चांगलं अन्न आहे.

बाकीच्या आंबवलेल्या पदार्थांचं थोडक्यात. इडली, डोसा, आंबोळी शिजताना जीवाणू मरतात, पण आंबवण्यानं पीठ हलकं झालेलं असतं, तो फायदा राहतो. आपल्या तेला-मिठाच्या लोणच्याला प्रोबायोटिक समजून जास्त खाऊ नका, मीठच जास्त जाईल. आणि जिलेबीचं पीठही आंबवलेलं असतं, म्हणून कुणी विचारायला येऊ नये!

आंबील मात्र थोडी युक्तीनं करा. नाचणीचं किंवा ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी शिजवलं तर जीवाणू गेले. त्याऐवजी पीठ साध्या पाण्यात शिजवून पूर्ण गार करा आणि मग त्यात ताजं ताक, जिरेपूड, मीठ घाला. चोथा आणि जिवंत जीवाणू एकाच वाडग्यात येतात.

जुलाब लागले तर

इथं क्रम चुकवू नका. आधी पाणी आणि क्षार, जीवाणू नंतर. बांगलादेश युद्धाच्या वेळी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. आजही तेच सगळ्यात मोलाचं औषध आहे. पाकिटावर लिहिलेल्या मापानं, म्हणजे बहुतेक एक लिटर पाण्यात एक पाकीट. 'थोडं कमी पाण्यात' म्हणून दाट करू नका. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बाटलीबंद गोड पेयांवर 'ओआरएस' छापायला २०२५ मध्ये एफएसएसएआयनं (अन्नसुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) मनाई केली, तरी जुन्या सवयीनं लोक तीच मागतात. लहान मुलांना ती देऊ नका.

मुलांना जुलाबात १४ दिवस झिंक देतात. सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, डॉक्टरांना विचारून. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल पेंगतंय किंवा काही पीत नाही, शौचात रक्त आहे, तर दुकानात न येता थेट दवाखाना.

प्रोबायोटिकची कुपी यात? साध्या जुलाबात फायदा असेल तर थोडाच. अमेरिकेतल्या पचनविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये पुरावे तपासून मुलांच्या साध्या संसर्गजन्य जुलाबात प्रोबायोटिक न देण्याची सूचना केली. ही माहिती मी दुकानात सांगते तेव्हा लोक माझ्याकडं संशयानं बघतात, कारण विकणारी बाई 'नको' म्हणतेय!

अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना

आता पुन्हा आत्यांचं गाडगं. अँटिबायोटिक घशातल्या जंतूंवर द्या नाहीतर मूत्रमार्गातल्या, ते आतड्यातल्या वस्तीवरही चालतं. म्हणून पहिलं काम असं, की गरज नसताना घेऊच नका. सर्दी, फ्लू, बहुतेक घसादुखी विषाणूंची असते, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. मागच्या वेळच्या उरलेल्या दोन गोळ्या घरातल्या दुसऱ्या माणसाला देऊ नका. शेड्यूल एच-वन या सरकारी यादीतली अँटिबायोटिक्स विकताना मला वहीत नोंद करावी लागते आणि चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत. यावरून माझ्याशी भांडणारे लोक असतात.

डॉक्टरांनी दिलं असेल तर त्यांनी सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्या. सोबत प्रोबायोटिक घ्यावं का? मुलांवरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१९ मध्ये निघाला. नुसतं अँटिबायोटिक घेणाऱ्या शंभरातल्या १९ मुलांना जुलाब झाले, प्रोबायोटिकही घेणाऱ्या शंभरात ८ जणांना. दिवसाला ५०० कोटी किंवा त्याहून जास्त जीवाणू दिलेल्यांत परिणाम जास्त दिसला. उलट, इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या २०१८ च्या लहानशा अभ्यासात असं आढळलं, की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांची मूळची वस्ती परत यायला जास्त वेळ लागला. ज्यांनी काहीच घेतलं नाही, त्यांची लवकर आली. बाहेरची दिंडी गावात ठाण मांडून बसली, तर गावकऱ्यांना परतायला जागा उरत नाही, तसं.

यातून मी स्वतःपुरता काढलेला अर्थ असा. आधी कधी अँटिबायोटिकनं जुलाब झाले असतील, कोर्स लांब असेल, किंवा माणूस म्हातारं असेल, तर डॉक्टरांना विचारून कोर्सपुरतं प्रोबायोटिक घ्यावं, पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू करून. तीन दिवसांच्या गोळ्यांसाठी धडधाकट माणसाला ताक-भाकरी पुरे.

जीवाणूंची गोळी आणि अँटिबायोटिक यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. प्रोबायोटिक म्हणूनच मिळणारं सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट आहे, जीवाणू नाही, त्यामुळं अँटिबायोटिकनं ते मरत नाही. ते मरतं बुरशीच्या औषधांनी, म्हणून फ्लुकोनाझोल चालू असेल तर ते घेण्यात अर्थ नाही. काही अँटिबायोटिकच्या पट्टीवर नावापुढं 'एलबी' असतं, म्हणजे त्याच कॅप्सूलमध्ये लॅक्टिक ॲसिड बॅसिलसही घातलेला असतो. मारणारा आणि जगायचा तो एकाच डब्यात घालण्यातलं शहाणपण मला आजवर कळलेलं नाही.

कोर्स चालू असताना किंवा संपल्यावर काही आठवड्यांतही दिवसातून अनेकदा पातळ जुलाब, ताप, पोटात मुरडा असं झालं तर त्यावर घरी काही घेऊ नका. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जीवाणू रिकाम्या झालेल्या आतड्यात माजतो, त्याची वेगळी तपासणी आणि औषध असतं.

पट्टी विकत घेताना

नाव पूर्ण आहे का बघा: वंश, जाती आणि वाण. 'लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी' यात जीजी हा वाण. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' लिहिलं असेल तर कोणता ते कळत नाही, आणि एका वाणावरचा पुरावा दुसऱ्याला लागू होत नाही. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलसचा मोठा वंश फोडून अनेक नवे वंश केले, त्यामुळं नव्या खोक्यावर अवघड नावं दिसली तर माल खोटा आहे असं समजू नका.

आकडा सीएफयूमध्ये असतो, म्हणजे जिवंत आणि वाढू शकणारे किती. एफएसएसएआयच्या नियमांप्रमाणं प्रोबायोटिक अन्नात दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जीवाणू हवेत. तो आकडा बनवतानाचा आहे की एक्स्पायरीपर्यंतचा, ते विचारा. काही कॅप्सूल फ्रीजमध्येच ठेवाव्या लागतात. अशी पट्टी उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत दोन तास राहिली तर तुम्ही मेलेले जीवाणू खाताय. बॅसिलस क्लॉसीच्या ५ मिलीच्या कुप्यांत बीजाणू (टणक कवचात झोपलेले जीवाणू) असतात, साधारण २०० कोटी, ते उष्णता आणि आम्ल दोन्ही सोसतात. प्रोबायोटिक पेयाच्या बाटलीवर मागची साखरही वाचा.

गंभीर आजारानं आयसीयूत असलेले, मोठ्या शिरेत नळी असलेले, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे आणि अपुऱ्या दिवसांची बाळं यांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय प्रोबायोटिक देऊ नये. हे जीव रक्तात शिरल्याच्या घटना आहेत. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या २९८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले, प्रोबायोटिक मिळालेल्या गटात १६ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात ६ टक्के. 'नैसर्गिक आहे, काय होतंय' हे वाक्य मी त्यानंतर काउंटरवर वापरणं सोडलं.

आणखी एक, जे कुणी विचारत नाही. रोज सकाळी अनाशापोटी ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणारे बरेच आहेत. आम्ल दाबलं की वरून येणारे जंतू सहज आत शिरतात आणि आतड्यातली वस्ती बदलते. स्वतःहून एकदम बंद करू नका, काहींना ती खरंच लागते. पण 'ही किती दिवस घ्यायची?' असं डॉक्टरांना एकदा विचारा.

ठरवून प्रोबायोटिक घ्यायचं असेल तर एकच प्रकार, रोज ठरल्या वेळी, चार आठवडे. त्या काळात जेवणात दुसरा मोठा बदल करू नका, नाहीतर कशानं काय झालं ते कळणार नाही. मग सुरुवातीची वही काढा आणि पहिल्या आठवड्याची पानं शेवटच्या आठवड्याच्या पानांशेजारी ठेवा. आकडे हलले नसतील तर दुसरी पट्टी न्यायला येऊ नका.